फुकट गेलं नाही, बाळू

कोल्हापूर,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालास, "एवढं करून अजून दुखतंयच, म्हणजे मानेचं ऑपरेशन फुकटच गेलं की रे." मी काही बोललो नाही. रिक्षा आली असं सांगून फोन ठेवला. रिक्षा आली नव्हती. तुझा राग आला नाही, पण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. गेले चार दिवस थोडं थोडं लिहितोय. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर मान खाली ठेवत नाही, म्हणून अक्षर मधेमधे वेगळं दिसेल.

२०२२ च्या दिवाळीत तू आला होतास. तेव्हा शर्टाची बटणं लावायला मी पोरीला हाक मारली. तू बघितलंस आणि गप्प बसलास. त्याच्या आधीपासून माझ्या चिमट्यातून सोन्याचा रवा निसटायला लागला होता. कोल्हापुरी साजाची पानडी नखाएवढी, आणि एका साजात अशा एकवीस. दशावतारातले मासा-कासव मी वडिलांच्या हाताखाली शिकलो, ते डोळे मिटून घडवणारे हे हात. त्या हातांना सोनं जोडायच्या डाखाचा तुकडा जागेवर ठेवता येईना. जिना उतरताना पाऊल कुठे पडतंय ते बघावं लागायचं. मान दुखायची, पण तिच्याकडे लक्ष कोण देतो? आपल्या सराफांच्या गुजरीत ऐरणीवर बसणाऱ्या कुणाला विचार, दहा-बारा तास मुंडी खाली घालून बसल्यावर कुणाची दुखत नाही?

डॉक्टरांनी दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमीट होते ते मोजलं. निरोगी माणसाची वीस वेळा तरी होते. माझी अकरा झाली. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. मग एमआरआय. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या होत्या, मागे हाडाची टोकं वाढली होती आणि त्यांनी मज्जारज्जू चेपला होता. फोटोत दोरी दोन ठिकाणी आवळल्यासारखी दिसत होती.

ऑपरेशनआधी डॉक्टर स्पष्ट बोलले होते. आज ते शब्द मला पाठ आहेत, त्या दिवशी मात्र अर्धेच कानात गेले. ते म्हणाले, "मी दाब काढणार. हात-पाय आणखी बिघडू नयेत यासाठी हे ऑपरेशन आहे. जे गेलंय त्यातलं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. आणि मानेचं दुखणं जाईल अशी हमी मी देत नाही." बाळू, आम्ही घरच्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगितलं, "आता दुखणं जाणार." ऑपरेशन म्हटलं की माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही. पुढची दोन वर्षं जो मनस्ताप झाला, त्यातला निम्मा त्या न ऐकलेल्या वाक्याचा होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढून, वळीच्या रेषेत बोटभर छेद. श्वासनळी आणि अन्ननळी बाजूला सारून मणक्यापर्यंत पोचतात. झिजलेल्या चकत्या काढल्या, त्यांच्या जागी पोकळ पिंजरे बसवले, त्यात हाडाचा चुरा भरला आणि समोरून टायटॅनियमची पट्टी सहा स्क्रूंनी आवळली. मला हे काम लगेच समजलं. आपण डाख लावतो तसंच ते. फरक इतकाच की आपला डाख क्षणात धरतो आणि हाडाचा सांधा धरायला महिने लागतात. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो असं सांगितल्यावर तीस वर्षांची तंबाखू मी त्या आठवड्यात सोडली. पुन्हा हात लावला नाही.

पहिले पंधरा दिवस गिळताना घास अडकायचा. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज. आवाज घोगरा झाला होता, तोही हळूहळू सुटला. सहा आठवडे पट्टा. ते दिवस मला फार जड गेले नाहीत, कारण तेव्हा दुखणं हा हिशेबातला भाग होता. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच.

जड गेला तो पुढचा काळ. वर्षाने एक्स-रे काढला, मान पुढे-मागे वाकवूनही काढला. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. हाड पूर्ण जुळलंय. स्क्रू जागेवर आहेत." मी तिथे बसलो होतो आणि उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढावी तसं होत होतं. दोन्ही पाखांच्या, म्हणजे खांद्याच्या फऱ्यांच्या, मधे दगड ठेवल्यासारखा भार. हे मी सांगितलं. ते म्हणाले, फोटोत काही नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवायला गेलो, तिथल्या डॉक्टरांनी तर फाईल मिटून "मन रमवा" एवढंच सांगितलं. बाळू, त्या दिवशी बसस्टँडवर बसून मी रडलो. फोटो उत्तम म्हणजे मी खोटा, असं मला वाटलं. घरी आल्यावर कुणी कसं वाटतंय विचारलं की मी ओरडायचो. बायकोने तीन महिने मला काही विचारलंच नाही. रात्री उशी नीट करून द्यायची आणि पाठ करून झोपायची. तिची पाठ बघत मी जागा असायचो.

गोळ्यांचंही सांगतो, कारण तू विचारलं होतंस. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन सुरू केली. दुखणं थोडं बोथट झालं, पण डोकं गरगरायचं, पावलं सुजायची, आणि एकदा पेटत्या ज्योतीसमोर डुलकी लागली. त्या दिवशी पोरीने हातातली फुंकणी काढून घेतली. ती गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांनी हळूहळू उतरवली. आता रात्री एकच घेतो, ॲमिट्रिप्टिलीनची, अगदी लहान मात्रेची. तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते. झोप झाली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं सोसवतं.

मग मागच्या वर्षी पोरीने वेदनेवर काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या मूळच्या भूलतज्ज्ञ. आधी मी जायला तयार नव्हतो, आणखी एकाकडून "फोटोत काही नाही" ऐकायचं नव्हतं. त्यांनी फोटो शेवटी बघितला. आधी पाऊण तास मला बोलू दिलं. आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तुमचं दुखतंय, ते खरं आहे." एवढ्यानेच माझं अर्धं ओझं उतरलं.

त्यांनी सांगितलं, की तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा आता स्वतःच एक आजार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात त्याला वेगळं नाव आहे, आणि ऑपरेशननंतर राहिलेल्या दुखण्यालाही त्यात वेगळी जागा आहे. नावाने दुखणं कमी होत नाही हे मला कळतं. पण माझ्यासारखी माणसं इतकी असल्याशिवाय कुणी यादीत ओळ घालणार नाही, हेही कळतं.

मी त्यांना विचारलं, सांधा पक्का झाला तर दुखतं कशाने? त्यांनी उलट मलाच माझ्या धंद्याबद्दल विचारलं. आपल्या गल्लीतला तो सराफाचा अलार्म तुला आठवतो? चोरी झाली त्यानंतर त्यांनी तो इतका नाजूक करून ठेवला, की शटरवरून मांजर गेलं तरी रात्री सगळी गुजरी जागी व्हायची. मी ते सांगितलं, तर बाई म्हणाल्या, तुमच्या मज्जासंस्थेचं तेच झालंय. वर्षानुवर्षं नस चेपलेली होती, धोका खरा होता, घंटा वाजणं बरोबर होतं. आता चोर गेलाय, पण घंटा नाजूकच राहिलीय. गार वारा, रात्रीचं जागरण, घरातली भांडणं, कशानेही वाजते. वाजली म्हणजे आत काहीतरी मोडलं असं नाही. आणि ती खरंच वाजते, तुमच्या मनाचे खेळ नाहीत.

हे समजल्यावर पहिल्यांदा माझी भीती गेली. तोवर प्रत्येक कळेसरशी वाटायचं, स्क्रू निसटला. त्या भीतीने मी मान लाकडासारखी धरून बसायचो, आणि धरून ठेवलेले स्नायू आणखी दुखायचे. हात-पाय पुन्हा बिघडले, तोल जायला लागला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर तडक यायचं, हे त्यांनी बजावून ठेवलंय. बाकी कळेला घाबरायचं नाही.

शेजारच्या मणक्यांचं मात्र जपावं लागतं. साखळीतल्या दोन कड्या डाखून टाकल्या की वाकणं थांबत नाही, ते शेजारच्या कडीवर जातं, आणि पुढे तीच झिजते. आपण दुरुस्तीला आलेल्या किती गोफांत हे बघितलंय. माझ्या मानेतही वरच्या-खालच्या सांध्यांवर तो ताण आहे. म्हणून पाणी भरलेली घागर नाही, पिठाचा डबा नाही. तू म्हणतोस तो तेलवाला तर नाहीच. बाळू, त्याचा नंबर पुन्हा पाठवू नकोस. तो मान 'मोडून' देतो, आणि माझ्या मानेत आता मोडून द्यायला सांधे उरलेले नाहीत. तालमीत आपण लाल मातीत मानेवर उभे राहायचो, त्या माना वेगळ्या.

काम बंद केलेलं नाही. पाट बदलला. ऐरण आता छातीच्या उंचीला आणून बसवलीय, खुर्चीवर बसून काम करतो. सुताराने दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा जमली. मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर. वाजला की हातातलं खाली ठेवायचं, पानडी अर्धी असली तरी. हे मला सगळ्यात अवघड गेलं. बरा दिवस उगवला की मी मागचं सगळं भरून काढायला जायचो, सहा तास बसायचो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. आता बऱ्या दिवशीही वीसच मिनिटं आणि वाईट दिवशीही निदान एक खेप. साज पूर्वी ज्या मुदतीत द्यायचो तिच्या दुप्पट मुदत सांगतो. काही गिऱ्हाइकं गेली. तसंही सोनं तोळ्याला लाखावर गेल्यापासून नवीन साज घडवणारे कमीच झालेत. पतपेढीचा हप्ता अजून दोन वर्षं आहे, तो ओढाताणीने भरतोय.

सकाळी व्यायाम. हनुवटी हळूच आत ओढून मानेच्या आतल्या स्नायूंना जागं करायचं, पाखं मागे मिटायची. बघणाऱ्याला वाटेल हा नुसता बसलाय. तीन महिने काही फरक वाटला नाही, चौथ्या महिन्यात भांगाची रेघ बघायला आरशात मान वाकवली आणि ओरडलो नाही, तेव्हा लक्षात आलं.

मान बऱ्यापैकी वळते रे. वळण्याचं निम्मं काम अगदी वरच्या दोन मणक्यांत होतं, ते माझे शाबूत आहेत. वर बघणं मात्र गेलं. यंदा चैत्र यात्रेला जोतिबाला गेलो, तीन वर्षांनी. देवाच्या उंच सासनकाठ्या आल्या, "चांगभलं" चा गजर झाला, सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि मला समोरच्याचा गुलालाने भरलेला सदराच दिसत होता. घशाशी आवंढा आला. बायकोने काही न बोलता माझा हात धरला आणि गर्दीतून मागे, लांबच्या उंचवट्यावर नेलं. तिथून मान न उचलता अख्खी काठी दिसली, टोकापासून मुळापर्यंत, आणि तिला दोर धरून सावरणारी माणसंसुद्धा. आम्ही तासभर तिथे बसलो. तिने त्या दिवशी मला विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "दुखतंय. पण बसू अजून."

आता हाताचं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. दहा सेकंदांत अठरा. बटणं माझी मी लावतो. जिना बघून उतरावा लागत नाही. गेल्या आठवड्यात मासा घडवला, खवल्यांसकट. डाव्या हाताच्या करंगळीत अजून मुंग्या आहेत, त्या राहतील बहुतेक. ऑपरेशन केलं नसतं तर आज हे पत्र पोरीने लिहून घेतलं असतं. दुखणं राहिलं, हात राहिले. दोन्ही खरं आहे, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. तू 'फुकट' म्हणालास तेव्हा मला माझे हात आठवले, म्हणून बोलवेना.

फोन करत जा, थांबवू नकोस. फक्त "आता बरं आहे ना?" असं विचारू नकोस. त्याला 'हो' म्हटलं तर खोटं होतं आणि 'नाही' म्हटलं तर तुझा आवाज पडतो, तो मला ऐकवत नाही. "आज किती खेपा बसलास?" असं विचार. त्याचं उत्तर माझ्याकडे रोज असतं.

पुढच्या आठवड्यात गणपती, तेव्हा तुला निघता येणार नाही. दसऱ्याला ये. दसरा चौकातल्या गर्दीत मी येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर जाऊ. मी पाऊण तास चालतो, मधे दोनदा टेकतो. बाकावर माझ्या उजव्या अंगाला बस, डावीकडे वळून फार वेळ बोलता येत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर कळव.

तुझाच,
शशी