शिऱ्या, तुझा टोमॅटो बरोबर होता

विचिटा,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शिऱ्या,

तुला शेवटचं पत्र टाकलं त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. मावशी गेल्या तेव्हा फोन केला, पाच मिनिटं बोललो आणि 'सविस्तर लिहितो' म्हणून ठेवला. ते सविस्तर आज लिहायला बसलोय, आणि तेही मावशींबद्दल नाही, याची मनापासून लाज वाटते. पण काल दुपारी जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? सुनंदाला सांगायला गेलो तर म्हणाली, "भावजींना लिहा, त्यांना कळेल. मला झोपू द्या."

तब्येत ठीक. साखर काठावर आहे, गोळी चालू आहे. गुडघा तसाच.

तर झालं असं. आमच्या भागातल्या वाचनालयात शनिवारी दुपारी जुन्या वेस्टर्न मालिकांचे भाग दाखवायला सुरुवात झालीय. येणारी बहुतेक मंडळी सत्तरीच्या पुढची. मी निवृत्त, त्यातून ही पुस्तकं वाचत असतो हे तिथल्या बाईंना ठाऊक, म्हणून त्या म्हणाल्या, आधी दहा मिनिटं बोला. खरा इतिहास काय आणि पडद्यावर काय, एवढंच. पहिली मालिका 'गनस्मोक'. दुसरी कुठली असणार? वीस वर्षं चाललेली, १९५५ ते १९७५, ६३५ भाग, आणि गोष्ट आमच्याच राज्यातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या, डॉज सिटीची. इथल्या म्हाताऱ्यांसाठी त्यातला मार्शल मॅट डिलन म्हणजे घरातला थोरला भाऊ.

मी तयारी जोरात केली. देशपांडे सरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, नंद्या, मॅट्रिकला एवढं केलं असतंस तर! तीन आठवड्यांपूर्वी मुद्दाम डॉज सिटीला जाऊन आलो. अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना गहू आणि वारा. गावाच्या अलीकडेच गुरांच्या वाड्यांचा वास गाडीत शिरतो. तिथं आजही गुरं येतात आणि मांसाच्या कारखान्यांत जातात, आणि त्या कारखान्यांत राबणारी माणसं घरी स्पॅनिश बोलतात. दुकानांच्या पाट्याही स्पॅनिशमधे. मला ते फार योग्य वाटलं. काउबॉयचा दोर, त्याचं रँच, त्याचा रोडिओ, सगळे शब्द मेक्सिकन गुराख्यांकडूनच तर आलेत.

तिथल्या बूट हिलच्या संग्रहालयात मी एका फोटोपुढे बराच वेळ उभा होतो. १८७८ च्या सुमाराचा फ्रंट स्ट्रीट. चिखल, लाकडी दुकानं आणि रस्त्यात एक पाटी: हत्यार बाळगण्यास सक्त मनाई. त्याच पाटीवर 'प्रिकली अ‍ॅश बिटर्स' नावाच्या काढ्याचीही जाहिरात. ज्या गावात दर आठवड्याला रस्त्यात पिस्तुलं निघालेली आपण पाहिली, त्या गावात वेशीच्या आत आलं की पिस्तूल जमा करायचं, असा कायदा होता!

तर काल मी उभा राहिलो आणि पाटीपासून सुरुवात केली. मग वायट अर्पची गोष्ट सांगितली. हा पुढे अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या चकमकीमुळे अमर झाला, त्याच्या नावाची मालिका १९५५ पासून सहा वर्षं चालली. त्याआधी तो आमच्या विचिटात पोलीस होता. जानेवारी १८७६ मधे एका सलूनमधे खुर्चीत बसलेला असताना त्याचं पिस्तूल म्यानातून घसरलं, जमिनीवर आपटून उडालं, आणि गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. वर्तमानपत्रात छापून आलं होतं. लोक खदखदून हसले. मला बाळ्याची आठवण झाली, गॅदरिंगमधे तलवार उपसताना धोतर सुटलं होतं तो.

मग द्वंद्व. बहुतेक भागांच्या सुरुवातीला डिलन रस्त्यात उभा राहतो, समोरचा आधी पिस्तूल काढतो, आणि तरी डिलनच जिंकतो. म्हटलं, असं समोरासमोर ठरवून झालेलं फार विरळा. एक नक्की झालं, १८६५ साली, मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डला, हिकॉक आणि टट यांचं, जुगाराच्या बाकीत ठेवून घेतलेल्या घड्याळावरून. पण त्यांच्यात पाऊणशे यार्डांचं अंतर होतं. आणि खुद्द डॉजच्या लाँग ब्रँच सलूनमधे १८७९ ला झाली ती मारामारी म्हणजे दोन जुगारी जवळजवळ अंगाला अंग लावून एकमेकांवर गोळ्या झाडतायत. एक मेला, दुसऱ्याच्या हाताला नुसता ओरखडा.

आणि शेवटी आकडा. हा माझा हुकमाचा पत्ता होता. रॉबर्ट डाइकस्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससच्या पाच गुरंबाजाराच्या गावांतले खून मोजले, १८७० ते १८८५. पाच गावं, पंधरा वर्षं मिळून ४५. डॉजमधलं सगळ्यात वाईट साल १८७८, त्या साली पाच. मी म्हटलं, मंडळी, मालिकेत एवढी माणसं एका महिन्यात मरतात.

शिऱ्या, इथं टाळ्या येतील असं मला वाटलं होतं. शांतता. मग पुढच्या रांगेतल्या एक बाई, नव्वदीच्या असतील, हळू आवाजात बोलल्या. रागावून नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "शनिवारी रात्री दहा वाजता आम्ही दोघं हे बघायचो. बारा वर्षं शनिवार, मग सोमवार. माझे यजमान युद्धातून आले होते, कुणाशी बोलायचे नाहीत. हे बघताना बोलायचे. तुम्हाला एक सांगू? त्या नटाचं लंगडणं खरं होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला त्याच्या पायाला गोळ्या लागल्या होत्या. ते माझ्या यजमानांना पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी काय बोलणार? जेम्स आर्नेस अँझिओला जखमी झाला हे मी वाचलं होतं, पण ते माझ्या कागदावर नव्हतं. मी बंदुका मोजत बसलो होतो.

आता तुला आपलं भांडण आठवलं असेल. तू इथं आला होतास तेव्हा बेसमेंटमधे बसून आपण 'द रायफलमन' बघत होतो आणि तू सोफ्यावरून उठून टीव्हीशी गेलास. "अरे, ही विंचेस्टर १८९२ ची आहे! गोष्ट १८८० च्या दशकातली!" मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका मालिकेतल्या स्टीव्ह मॅक्वीनच्या कमरेच्या पट्ट्यातली काडतुसं त्याच्या आखूड रायफलीत बसूच शकत नाहीत, पट्ट्यात शोभावीत म्हणून मोठी लावलीत, हेही तूच शोधलंस. मी वैतागून म्हटलं, गोष्ट बघ ना, बंदूक काय बघतोस. आणि तू तो टोमॅटो काढलास. आपल्याकडच्या एका मालिकेत सतराव्या शतकातल्या मराठी बाजाराचा सेट, आणि भाजीवालीच्या टोपलीत लालभडक टोमॅटो, जो तेव्हा आपल्या बाजारात नव्हताच. तू त्यावरून वाहिनीला चार पानी पत्र लिहिलं होतंस, वहिनींनी पोस्टात टाकलं नाही म्हणून त्यांच्याशी दोन दिवस बोलला नव्हतास. मी तेव्हा इतका हसलो होतो की तू जेवायला वर आला नाहीस. तेव्हा मला वाटायचं टोमॅटोने कुणाचं काय बिघडतं. नंतर या सगळ्याचं वेड मलाच लागलं. काल त्या बाईंपुढे उभा असताना मी तू होतो, आणि त्या मी होत्या.

पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

भाग संपला, लोक कॉफीकडे वळले. मागच्या खुर्चीवर एक म्हातारा गृहस्थ बसून राहिले होते, वेणी घातलेले, निळा शर्ट, हातात टोपी. दर शनिवारी येतात म्हणे. मी जवळ गेलो. त्यांनी विचारलं, "ते १८७८ चे पाच. त्यात आमचे किती धरलेत?" मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "मी शायेन आहे. त्या सप्टेंबरात आमची माणसं तिथून जवळून गेली." मी म्हटलं, तो आकडा गावाच्या हद्दीतला आहे. ते म्हणाले, "हो, हद्दीतलाच असणार." एवढंच. टोपी घातली आणि गेले.

काल रात्रभर वाचत होतो. शिऱ्या, तारखा बघ. ९ सप्टेंबर १८७८ ला उत्तरेकडचे शायेन, इथल्या मूळ रहिवाशांची एक जमात, इंडियन टेरिटरीतून, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातून निघाले, साडेतीनशेच्या आसपास, बायका-मुलं-म्हातारे धरून. लिटल वुल्फ आणि डल नाइफ त्यांचे पुढारी. तिथं उपासमार आणि हिवताप, म्हणून घरी निघाले. घर म्हणजे माँटाना, सगळं कॅन्सस आडवं पार करून. डॉजच्या शेजारच्या फोर्ट डॉजचा कमांडर त्यांच्या पाठलागावर गेला आणि २७ तारखेच्या लढाईत जबर जखमी होऊन मेला. पुढे त्यांच्यातल्या तरुणांनी वायव्य कॅन्ससमधे चाळीसेक वसाहतवाले मारले, तेही लपवायचं कारण नाही. आणि १८७९ च्या फेब्रुवारीत सात शायेन कैद्यांना खटल्यासाठी डॉजला घेऊन आला तो शेरीफ कोण? बॅट मास्टरसन. तोच, डर्बी हॅट आणि काठी घेऊन तीन वर्षं टीव्हीवर मिरवला तो. खटला पुढे लॉरेन्सला हलवला आणि ऑक्टोबरात सोडून दिला.

अजून एक. डॉजमधल्या कातड्यांच्या वखारीचा १८७८ सालचाच फोटो आहे. गव्यांची, म्हणजे इथल्या बायसनची कातडी, ढीग रचून ठेवलेली, चाळीस हजार. हाच फोटो मी संग्रहालयातून आल्यावर किती वेळा पाहिला असेन! १८६७ च्या मेडिसिन लॉजच्या तहात दक्षिणेकडच्या जमातींना शब्द दिला होता की आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला गवे आहेत तोवर शिकार तुमची. ती नदी डॉजला लागूनच वाहते. तिच्यावरच्या पुलावर मी गाडी थांबवून फोटो काढला, पाणी किती कमी आहे म्हणून. तीच ती रेघ होती आणि मला दिसली नाही.

म्हणजे बघ, मनाईची ती पाटी, पाच खून, चाळीस हजार कातडी, शायेनांची वाटचाल, सगळं एका वर्षाच्या आसपासचं, एका गावाभोवतीचं. मी त्यातले पाच तेवढे उचलले आणि 'खरा इतिहास' म्हणून लोकांपुढे ठेवले. मालिकेने माणसं जास्त मारली, मी ती कमी केली. बंदूक कुठल्या सालची हे सांगणं मला आवडतं, पुढेही सांगेन. पण त्या गृहस्थांनी विचारलं तो प्रश्न वेगळाच आहे. चौकटीत कोण आहे आणि कोण नाही. तू टोमॅटोवरून भांडलास तेव्हा म्हणाला होतास, "टोमॅटो दिसला म्हणजे समज, त्या बाजारात बसणाऱ्या बाईचा कुणी विचार केलेला नाही." मी ते वाक्य हसण्यावारी नेलं. आज कळतंय. चूक भाजीची नव्हतीच.

आता काळजी ही की दोन आठवड्यांनी मला परत बोलायचंय. शायेनांबद्दल बोललो तर त्या बाईंचा शनिवार दुसऱ्यांदा हिसकावून घेतल्यासारखं होईल का? त्यांच्या यजमानांचं बोलणं त्या अर्ध्या तासात होतं रे, ते खोटं कसं म्हणू? आणि नाही बोललो तर त्या गृहस्थांनी पुन्हा मागच्या खुर्चीत बसून पाचच मेले हे ऐकून घ्यायचं? सुनंदा म्हणते त्यांनाच बोलायला सांगा. आज सकाळी वाचनालयातल्या बाईंकडून निरोप पाठवला. उत्तर आलं, बघू. ते म्हणाले तसं मीही म्हटलं असतं. सगळ्या जमातीचं दुःख दहा मिनिटांत कॉफीच्या आधी सांगायला कुणाला बोलवावं, हेही बरोबर आहे का? तू तीस वर्षं वर्गात उभा राहिलास, शिवाजीराव पाटलाच्या नातवाला त्याच्याच आजोबांबद्दल शिकवलंस. तू काय करायचास?

तुझं कळव. प्राचीचं लग्न ठरलं असं मंदाकडून कळलं, अभिनंदन, तारीख कळव, यायचा प्रयत्न करतो. मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं का? वाड्याच्या कागदपत्रांचं काय झालं? घाई करून सही देऊ नकोस.

मावशींबद्दल वेगळं लिहीन. त्यांनी आपल्याला मॉर्निंग शोला चोरून दिलेले पैसे मी विसरलेलो नाही. पडद्यावरचा पहिला घोडा आपण त्यांच्याच पैशांनी पाहिला.

उत्तर दोन आठवड्यांच्या आत दे. फोन करू नकोस, लिही. फोनवर तू भांडतोस.

तुझा,
नंद्या

ता. क. त्या चार पानी पत्राची प्रत वहिनींनी जपून ठेवली असेल तर मला फोटो काढून पाठव. या वेळी नीट वाचतो.