तुमच्या खोलीतल्या रेडिएटरचा रंग

लीड्स,
१४ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांना माझं बोलणं अर्धंच ऐकू आलं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. ऑक्टोबरमध्ये तुम्ही आलात की मागची खोली तुमची. तिथल्या खिडकीखालच्या, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरचे पोपडे निघाले आहेत, खालच्या कडेला गंज धरला आहे. अजून हीटिंग सुरू केलेलं नाही, तेवढ्यात तो रंगवून घ्यायचा आहे. गरम पत्र्यावर रंग लावला तर तो पसरायच्या आत सुकतो आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात.

बाबा, तुम्ही म्हणालात, "लोखंडच आहे ना? रेड ऑक्साइड मार आणि वर सिल्व्हरचा हात दे." आपल्या फाटकाला तुम्ही दर दोन वर्षांनी मे महिन्यात तेच करता आणि इतक्या पावसाळ्यांत ते टिकलं आहे. पण रेडिएटरला नेमका सिल्व्हरच चालत नाही. मलाही हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. रेडिएटर म्हणजे पोलादी पत्र्याची चपटी पेटी, आत बॉयलरचं गरम पाणी फिरतं. तिची बरीचशी ऊब हवा तापून खोलीत पसरते आणि बाकीची उन्हासारखी थेट समोरच्या माणसाला लागते. ही थेट ऊब सोडायला साधा रंग फार चांगला, मग तो पांढरा असो की काळा. सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते आणि धातूचा चकचकीत पृष्ठभाग ऊब धरून ठेवतो. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने १९३५ सालीच हे छापलं होतं. त्यात एक गंमतीची गोष्ट आहे: फरक पडतो तो फक्त सगळ्यात वरच्या थराने. खाली सिल्व्हर असला आणि वर साधा रंग दिला, तरी काम होतं.

आई, हे तुला माझ्याआधी कळेल. आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा हंडा आठव. चिंचेने घासून लख्ख केला की त्यातलं पाणी जास्त वेळ गरम राहायचं. तू विचारत होतीस, पाइप तांब्याचे आहेत तर रंगवायचे कशाला, तसेच शोभतील. शोभतील खरे, पण भिंतीलगत उघड्यावरून जाणारे ते पाइप हंड्यासारखेच ऊब आत धरून ठेवतात. रंगवले की तीच ऊब खोलीत येईल. तांब्यावर रंग नुसता बसत नाही, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि धातूचा प्रायमर द्यायचा.

आता कोणता रंग, यावर मी फार विचार केला, कारण आधी दोनदा चुकले आहे. गेल्या वर्षी न्हाणीघरातल्या रेडिएटरला भिंतीचा उरलेला रंग लावला. तो पाण्याचा, खाली प्रायमर नाही. एका हिवाळ्यात गंजाचे तपकिरी डाग वर आले. बाहेरच्या पॅसेजमधल्या पाइपांना पांढरा ऑइल पेंट दिला. तो टिकला, पण जिथे कोट टांगलेले असतात आणि उजेड पडत नाही, तिथे जुन्या वहीच्या पानासारखा पिवळा पडला. ऑइल पेंट उष्णतेने आणि अंधारात पिवळा पडतोच. शिवाय लावल्यावर कितीतरी दिवस वास, आणि रेडिएटर पहिल्यांदा तापला की तोच वास पुन्हा. बाबांच्या दम्याला ते मला नको आहे. म्हणून तुमच्या खोलीत पाण्यात मिसळणारा, खास रेडिएटरसाठीचा इनॅमल लावणार आहे. तो पांढराच राहतो आणि वासही कमी. चुलीला लावतात तो सहाशे अंशांचा रंग घ्यायची गरज नाही. इथे पाणी साठ-सत्तर अंशांच्या आसपासच असतं.

बाबा, आधी रेड ऑक्साइडसारखा गंज रोखणारा प्रायमर हवाच, हे तुमचं म्हणणं मात्र मी मानणार आहे. गंज तारेच्या ब्रशने काढून उघड्या पत्र्यावर झिंक फॉस्फेटचा प्रायमर, मग पातळ दोन हात. मागच्या बाजूला पोचायला तुम्ही काठीला तिरका ब्रश बांधून खिडकीचे गज रंगवायचात. इथे लांब दांड्याचा तसाच ब्रश मिळाला, तो हातात घेतल्यावर मी दुकानात क्षणभर उभीच राहिले.

खरवडण्याच्या आधी मी आणखी एक केलं. घर १९३० च्या दशकातलं आहे, आणि जुन्या रंगांत शिसं असायचं. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठी असे रंग विकायला १९९२ मध्ये बंदी आली. म्हणून शिसं तपासायची पट्टी आणली. रेडिएटरवर काही निघालं नाही, पण खिडकीच्या जुन्या चौकटीवर निघालं. ती मी खरवडणार नाही, घट्ट आहे तशीच ठेवून वरून रंग देईन. बाबा, आपल्याकडेही घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवायचा नियम २०१७ मध्ये लागू झाला. फाटकाचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. या वेळी ते कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, आणि चिंटू जवळ असताना तर नकोच. त्या धुळीचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो.

रेडिएटरच्या एका टोकाला आकड्यांची चकती आहे आणि दुसऱ्या टोकाला हवा काढायचा छोटा स्क्रू. या दोन्हींना कागदी टेप लावणार आहे. आधीच्या भाड्याच्या घरात कुणीतरी त्या स्क्रूवरूनच रंग फिरवला होता. आत हवा अडकून वरचा अर्धा रेडिएटर गार राहायचा आणि स्क्रू काही केल्या फिरत नव्हता. संपूर्ण जानेवारी आम्ही त्या खोलीत स्वेटर घालून झोपलो. तुम्हाला तसं झोपायला लागू नये, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

आई, ऊब कोणत्याही साध्या रंगात सारखीच, तेव्हा रंग तू निवड. पांढरा, सायीच्या रंगाचा आणि फिकट राखाडी, असे तीन बघून ठेवले आहेत. भिंत सायीच्याच रंगाची आहे. शनिवारपर्यंत सांग, रविवारी सकाळी मी डबा उघडणार आहे.

तुमची,
ताई