मोटार गव्हाला लागते

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "हं, काकूशी बोल" म्हणून फोन पलीकडे देता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. इंदूरच्या आपल्या रामबागेतल्या ग्रुपवर कुणीतरी टाकेलच, मग वाचल्याशिवाय सुटका नाही.

माझा एम.ए.चा प्रबंध मंजूर झाला. आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र आणि पर्यावरणीय संसाधन व्यवस्थापन, हे नाव आईला अजून एका दमात म्हणता येत नाही. ती शेजारी सांगते, "हॉलंडला पाण्याचं काहीतरी शिकते." तिचं फारसं चुकत नाही. सुझन स्ट्रेंज नावाच्या बाईंनी 1970 मध्येच तक्रार केली होती, की अर्थशास्त्रवाले आणि आंतरराष्ट्रीय संबंधवाले एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत. त्या भांडणातून आमचा विषय उभा राहिला. तुमच्या छावणी मंडीत मात्र हे दोन्ही विषय सकाळी लिलावाच्या वेळी एकाच ट्रॉलीभोवती उभे असतात, हे मला फार उशिरा कळलं.

प्रबंधाचा पहिला खर्डा आठवतो? वर झोकात माळव्याची म्हण लिहिली होती, "पग पग रोटी, डग डग नीर." खाली टोनी ॲलन यांची 1990च्या दशकातली आभासी पाण्याची कल्पना: धान्य परदेशी गेलं की ते पिकवायला लागलेलं पाणीही त्याच्याबरोबर जातं. मग माझा गुणाकार. इतके टन डीओसी (तेल काढल्यावर उरणारी सोयाबीनची पेंड, कोंबड्यांचं खाद्य) निर्यात झाली, म्हणजे माळव्याच्या जमिनीतलं इतकं पाणी जहाजात बसून गेलं. माझ्या गाईडना तो फार आवडला होता. मलाही, खोटं कशाला बोलू.

सुट्टीत घरी आले तेव्हा तो खर्डा तुमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. जुलै होता, पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. तुम्ही शेव खात सगळं ऐकून घेतलंत आणि पन्हळीकडे बोट केलंत. "हा पाऊस कोणी मोटारीनं उपसलाय का? सोयाबीन जूनअखेर पेरलं, पावसावर वाढलं, दसऱ्याच्या आसपास मंडीत आलं. मोटार गव्हाला लागते, बाळ."

माझा अख्खा तिसरा अध्याय त्या शेवेबरोबर गेला.

त्या संध्याकाळी तुम्ही पुढचं जे सांगितलंत त्यावरच आताचा प्रबंध उभा आहे. सोयाबीन येण्याआधी माळव्यातली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. ओल मुरायची आणि त्या ओलीवर गहू यायचा. 1970च्या दशकापासून सोयाबीन पसरलं आणि पावसाळ्यातली पडीक जमीन पिकाखाली आली. रोख पैसा हातात आला, त्या पैशातून बोअर झाले, आणि गव्हाला चार-पाच पाणी द्यायची सवय लागली. म्हणजे जमिनीतलं पाणी आटलं हे खरं, सोयाबीनचाही त्यात हात आहे, पण थेट नाही. त्याने पुढच्या पिकाला मोटार घेऊन दिली. आमच्याकडे पावसाच्या ओलीला हिरवं पाणी आणि नदी-विहिरीतून उपसलेल्याला निळं पाणी म्हणतात. मला हे शब्द पाठ होते. कुठलं पीक कुठलं पाणी पितं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी छावणीत नेलंत. चार दाणे तळहातावर ठेवून म्हणालात, "चाव." कट् आवाज झाला की माल सुका, दाताखाली चपटा झाला की ओला. "दोन-दोन-दहा" म्हणजे 2 टक्के माती-कचरा, 2 टक्के डागी दाणे आणि 10 टक्के ओल, हा हिशेब मी तिथे शिकले. वर हम्मालांसमोर माझी परीक्षाही घेतलीत, ती मी नापास झाले.

आणि तुमच्या वह्या! निवृत्त होऊनही रोजचा भाव लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. (काकू म्हणतात, औषधाची वेळ मात्र लिहून ठेवत नाहीत.) 2021 च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला 10,000 च्या वर गेलेला सोयाबीनचा भाव, समासात "कोंबडीवाले ओरडताहेत", आणि त्याखाली 12 लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या) डीओसीच्या आयातीला परवानगी. डिसेंबरात दोनच शब्द: "वायदा बंद," म्हणजे सोयाबीनचे पुढच्या तारखेचे सौदे थांबले. पुढे 2024 च्या सप्टेंबरात भाव 4,892 च्या हमीभावाखाली, मग कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे इंडोनेशियातलं पाम आणि शिकागोच्या बाजारातला सोयाबीनचा भाव इंदूरजवळच्या देपालपूरच्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीपर्यंत कसे पोचतात, हे त्या समासांत दिसतं. माझ्या तक्त्यांत ते दिसत नव्हतं.

एक वाक्य तर मी जसंच्या तसं तोंडी परीक्षेत वापरलं. युरोपीय संघाने 2023 मध्ये जंगलतोडीविरुद्ध नियम केला: सोयाबीन ज्या शेतातून आलं त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे. अंमलबजावणी सारखी पुढे ढकलली जाते आहे. तुम्ही विचारलंत, "एका ट्रॉलीत तीन भावांचा माल, प्लांटच्या ढिगात तीनशे ट्रॉल्या. रेखांश कुठल्या दाण्यावर लिहायचा?" परीक्षक आधी हसले. मग त्यांनी अर्धा तास तेवढ्यावरच प्रश्न विचारले.

ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचं नाव गाईडच्या वर आहे. त्यांना विचारून टाकलं आहे.

तिन्ही वह्या दिवाळीला घेऊन येते. 2021 च्या वहीवर एका पानाला कॉफीचा डाग पडला आहे, तो माझा. ऑगस्टचे भाव वाचता येतात, तेवढं तपासलं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची