सुटली की सोडली

आगरवाडा, पेडणे
चैत्र वद्य षष्ठी

प्रिय बाबू,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. नागपुरात बसून तू मला काय काय म्हणत असशील ते इथपर्यंत ऐकू येतंय. गुडघा होता तसाच आहे, आईची शुगरही. फोनच करणार होतो, पण तू मध्येच हसला असतास आणि मला पुढचं सांगता आलं नसतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

पौर्णिमेच्या पहाटे मी चोपड्याच्या पुलाखाली होतो. तुझी तिथीची पाऊणपट अजून चुकत नाही. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर भरती सव्वाअकराला, म्हणजे पाचच्या सुमाराला सुकती संपून पाणी फिरणार. फिरलंच. यंदा शिमग्यानंतर एक सर नाही, नदी छान निवळलीय आणि खारं पाणी आत चढलंय. वारा अगदी शाळेच्या भूगोलातला. पहाटे मतलई, दुपार धरली की वायव्येकडून खारा असा सुटतो की मोरजीच्या वाळूत उभं राहून गरी फेकावी तर ती आपल्याच पायाशी पडते. जे काय करायचं ते दहाच्या आत. मोरजीला मुडदुशा बऱ्या लागतात, गेल्या आठवड्यात अकरा आणल्या. तुझ्या वहिनीने रव्यात तळल्या आणि तुझी आठवण कोणीही काढली नाही. शेवटे नुसते उड्या मारून वेडावतात. मानशीपाशी, बांधातल्या पाण्याच्या दाराशी, चार-पाच काळुंदर मिळाली, तामसा एकच, दीड किलोचा.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या खांबाच्या सावलीत गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून सोडलं होतं. उजाडायला लागलं होतं. सुंगट एकदम अस्वस्थ झालं, दोरीवर ती टिकटिक कळली, आणि मग ठोका. बाबू, असा ठोका मला त्या वर्षीनंतर लागलेला नाही. चणक पाण्याबाहेर आली, डोकं झाडलं, तोंडाचा तो भला मोठा डबा उघडून मला दाखवला आणि परत आत. आठ किलो म्हणतो. तू सहा समज, तू समजणारच.

दोन वेळा तिला खांबापासून फिरवली. तिसऱ्या वेळी ती सरळ खांबाकडे निघाली. खांबांना कालवं किती धरलीत तुला सांगायला नको, दोरी एकदा घासली की संपलं. रिळाच्या ड्रॅगवर, दोरीचा ताण धरणाऱ्या चाकीवर, माझी बोटं होती एवढं नक्की आठवतं. आवळायला गेलो होतो की सैल करायला, ते आठवत नाही. मग दोरी ढिली पडली. ओढून बघितली तर गरी नाही, गरीलगतचा जाड तुकडा, लीडर, कातरलेला. कालवांनी कातरला म्हणावा तर तसं, तिच्या कल्ल्याच्या पात्याने म्हणावा तर तसंही.

वर पोदेर सायकल थांबवून बघत होता. ओरडला, "कितें जालें?"

मी म्हटलं, "सोडली."

का म्हटलं? माहीत नाही. साठीला आलेल्या माणसाने पहाटे पावणेसहाला खोटं का बोलावं, तेही पाव विकणाऱ्याशी? त्याने विचारलं, इतकी मोठी कशाला सोडली, आणि माझ्या तोंडातून तुझं व्याख्यान जसंच्या तसं बाहेर पडलं. चणक आधी नर असते, काही वर्षांनी मादी होते, म्हणून मोठी दिसली की ती मादीच, पावसाच्या तोंडाला ती नदीच्या मुखाशी अंडी घालते, एक मारली की लाखोंचा संसार बुडवला. "लाखोंचा संसार" हेसुद्धा तुझंच. चैत्रात गाबोळी भरते का रे, असं पोदेराने विचारलं नाही, नशीब.

पुढचं तुला कळलंच असेल. पोदेर म्हणजे आपलं आकाशवाणी केंद्र. सात वाजेपर्यंत दारोदार उंडे आणि माझी चणक पोचली. चहाच्या दुकानात पैसे घेतले नाहीत. मास्तर म्हणाले, सरकार १ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर बंद करतं, आमच्या ह्यांनी चैत्रातच बंदी घातली. आता वाचनालयात रविवारी मुलांसमोर मी बोलायचं ठरलंय. मोरजीला कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या पोरांनाही बोलावलंय. ती पोरं रात्र रात्र वाळूत बसून खरं काम करतात आणि त्यांच्यासमोर मी उभा राहणार! तुझी वहिनी मात्र काही बोलली नाही. फक्त लीडर हातात घेऊन बघितला आणि भांडी घासायला गेली.

तीन रात्री हेच चाललंय डोक्यात. कधी पडल्या पडल्या वाटतं की मी सैलच करत होतो, खांबाकडे ओढू नये म्हणून. म्हणजे मासा वाचवायला की दोरी वाचवायला? आणि सैल केली म्हणजे सोडली का? तू वकिली न करता बँकेत गेलास ही चूक केलीस, आज कामाला आला असतास.

आणि ज्या सोडण्यावरून मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नव्हतो, तेच आज माझ्या नावावर जमा झालंय. तेव्हा तुला काय काय म्हणालो होतो! बामणाने मासेमारी करू नये, इथपर्यंत गेलो होतो. तू उलटून जत्रेतल्या नाटकाचं काढलंस, की दुसऱ्या अंकात मी संवाद विसरून कैद्याला सोडून दिलं होतं. ते अजून माफ केलेलं नाही. प्रॉम्प्टर झोपला होता, हे मी पुन्हा एकदा लेखी देतो.

मुलीचं जमलं हे ऐकून बरं वाटलं, तारीख कळव, मे सोडून काहीही चालेल. तुझी बदली परत इकडे होण्याचं काय झालं? तिथल्या तलावातल्या रोहूवर किती दिवस काढणार? आपल्या चणकीला मुंबईकडचे जिताडा म्हणतात, तो मासा नागपुरात मिळतो म्हणून लिहिलं होतंस. तो तळ्यातला, वाढवलेला. खा, पण मला सांगू नकोस.

एकच विचारायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या दिवशी तू चणक काठाला आणलीस तेव्हा मी टोपली आणायला वर गेलो होतो. मी फक्त पाण्याचा आवाज ऐकला आणि मागे वळलो तेव्हा तू "सोडली" म्हणालास. तुझे हात ओले होते, एवढंच मी पाहिलं.

खरं काय झालं होतं? रविवारी चारला कार्यक्रम आहे. शनिवारच्या आत फोन कर.

तुझाच,
पुलाखालचा