डाव्या कोपऱ्यातून

लालबाग, मुंबई
28 सप्टेंबर 2025, रविवार

चि. तनूस,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळपासून चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. आई म्हणाली, झोपली असेल. शनिवारी संध्याकाळी सात वाजता बंगळुरूत कोण झोपतं? म्हणून हे कागदावर लिहायला घेतलं. आई फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार, तिला तीस वर्षांची सवय आहे.

तुझा मेसेज वाचला. "ग्रुप सोडला. अ‍ॅप काढून टाकलं. हा माणूस जाईपर्यंत मी मॅच बघणार नाही." एवढंच. हा माणूस म्हणजे अमोरिम, आपल्या मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक. तू इतकं थोडक्यात कधी बोलत नाहीस, तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

कालची मॅच मीही पाहिली. खिडकीबाहेर पाऊस, आत आई देवीच्या ओटीची तयारी करतेय आणि मी पाच वाजल्यापासून टीव्हीसमोर. वीस मिनिटांत ब्रेंटफर्डचे दोन गोल. पहिल्या गोलाला हेंडरसनने मागून लांब चेंडू टाकला, आपला मॅग्वायर ऑफसाइडच्या आशेने पुढे सरकला आणि तो थियागो एकटा मोकळा सुटला. मग शेश्कोने एक फेडला, थोडी धुगधुगी आली, तर ब्रुनोची पेनल्टी त्यांच्या गोलकीपरने अडवली. 3-1. आई म्हणाली, "तुमचं तोंड बघून आकडा विचारायची गरज नाही."

तुझा राग खोटा नाही, हे आधी लिहून टाकतो. गेल्या हंगामात पंधरावा नंबर, 42 गुण. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून मँचेस्टर युनायटेडची इतकी वाईट अवस्था कधी झाली नव्हती. बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनमकडून 1-0 हरलो. अमोरिम येऊन वर्ष होत आलं आणि लीगमध्ये सलग दोन सामने त्याने अजून जिंकलेले नाहीत. आणि दर आठवड्याला तेच, मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन.

हे तीन-चार-तीन मला तूच शिकवलंस, जेवणाच्या ताटावर लिंबाच्या फोडी मांडून. मधले चार म्हणायला चार, त्यातले दोन कडेच्या रेषेला धावणारे. म्हणजे मैदानाच्या ऐन मध्यावर दोनच माणसं उरतात, आणि समोरच्याची तिथे तीन असतात. या महिन्यात मँचेस्टर सिटीने 3-0 हाणले तेव्हा ब्रुनो आणि उगार्ते त्या मोकळ्या रानात कुणाकुणाच्या मागे धावणार होते? ज्या ब्रुनोने पुढे राहून गोल करायचे, करवायचे, तो मागे राखणीला. अमाद हा मूळचा चढाई करणारा गडी, त्याला कडेला उभं करून परत मागे पळायला लावलंय. मध्यावर खेळणारा मैनू बाकावर. उन्हाळ्यात पुढच्या फळीवर दोनशे मिलियन पौंड ओतले आणि मध्यासाठी एक माणूस आणला नाही. घराला जिना नाही आणि गच्चीवर झुंबर लावलंय, असं तू म्हणाली होतीस. ते मी खालच्या कट्ट्यावर स्वतःचं म्हणून खपवलं, माफ कर.

गणपतीच्या रात्रीचं आठवतं ना? 27 ऑगस्टला बाप्पा बसले. घरात आत्या, काका, त्यांची पोरं, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. बाहेर राजाच्या रांगेचा गलका. आणि साडेबारा वाजता आपण दोघं टीव्हीचा आवाज बंद करून समईच्या उजेडात ग्रिम्सबी बघत बसलो. चौथ्या पायरीवरचा संघ! अर्ध्या वेळेला 2-0 ने पुढे. कसंबसं 2-2 झालं, मग पेनल्ट्या. एकूण सव्वीस. कुन्याची एक गेली असती तर जिंकलोच होतो, अडवली. शेवटची एम्बूमोची आडव्या दांडीवर. 12-11 ने हरलो. तू उशी तोंडात धरली होतीस, आत्या जागी होऊन "काय झालं, कोण गेलं?" म्हणून उठून बसली.

पण मला त्या रात्रीचं आठवतं ते वेगळंच. पावसात बाकावर बसून अमोरिम त्या छोट्या पाटीवर चुंबकाच्या सोंगट्या सरकवत होता. मैदानात आग लागलेली आणि हा मान खाली घालून सोंगट्या हलवतोय. तू भयंकर चिडलीस. मला मात्र आमच्या कबड्डीच्या मास्तरांची आठवण झाली.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आपल्याच वाडीत आहेत. तुला फक्त एवढंच माहीत आहे की बाबा कबड्डी खेळायचे आणि मग गोदीत लागले. मधलं मी कधी सांगितलं नाही.

मी डावा कोपरा. उंची पाच फूट चार इंच, वजन सांगण्यासारखं नव्हतंच. माझं सगळं भांडवल म्हणजे घोटा. चढाईवाला कोपऱ्यात पाय टाकायला आला, की त्याची नजर वळायच्या आत खाली झेपावायचं आणि घोटा धरायचा. एकदा धरला की धरला, मग बाकीचे येऊन पडेपर्यंत नाकातोंडात माती गेली तरी सोडायचा नाही. हे काम कोपऱ्यातूनच होतं. मध्यावर माझ्यासारख्याचा काय उपयोग? तिथे अंगाने अडवणारा भिंतीसारखा माणूस लागतो.

मास्तरांचा जीव साखळीवर. एकमेकांचे हात घट्ट धरायचे, चढाईवाला आत खोल आला की दोन्ही बाजूंनी साखळी मिटायची. एकेरी पकड करणारा त्यांना आवडायचाच नाही, सर्कशीतला म्हणायचे. आणि 1981 सालापर्यंत त्या साखळीने आमच्या मंडळाला भरपूर जिंकून दिलं होतं. कारण तेव्हा खेळणारे गडी गिरणीतले होते, सहा-सहा फुटी, साच्यावर उभं राहून राहून पायांचे खांब झालेले.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तुझे आजोबाही त्यातच. वर्ष गेलं, गिरण्या सुरू होईनात, तेव्हा एक-एक जण कोकणात गावी गेला. मास्तरांची साखळी अशी एसटीत बसून निघून गेली. मागे उरलो आम्ही, अठरा ते बावीसची पोरं, रेशनच्या तांदळावर वाढलेली. आणि मास्तरांनी काय करावं? तीच साखळी. माणसं गेली, मांडणी राहिली.

मला त्यांनी मध्यावर उभं केलं. कोपऱ्यात दुसराच एक उंच मुलगा, ज्याला खाली वाकताच येत नव्हतं. समोरचे चढाईवाले मला काखोटीला मारल्यासारखे ओढत मध्यरेषेपार न्यायचे. दोन्ही हात साखळीत अडकलेले, झेप कशी घेणार? लोण चढायचे, म्हणजे अख्खा संघ बाद. आणि शिव्या कोणाला? मला. "ए बुटक्या, घरी जा." तीच माणसं, जी वर्षापूर्वी माझ्या घोट्यावर शिट्ट्या मारत होती. मास्तरांना कोणी बोलायचं नाही, कारण ते 81 चे मास्तर.

अपवाद एकच, तुझी आजी. एकदा गल्लीतच सामना होता. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, हातात लाटणं तसंच, ओरडली, "ओ मास्तर, माझ्या पोराला कोपऱ्यात ठेवा की! मधी काय तुळशीवृंदावन करून उभा केलाय?" सगळी गल्ली हसली. मास्तर हसले नाहीत. पुढच्या सामन्यालाही मी मध्येच.

फुटबॉलचे नियम मला अजून पुरते येत नाहीत, पण मैनूचा बाकावरचा चेहरा बघितला की मला सगळं समजतं.

आता तुझ्या 'हट्टी'बद्दल. पोपने सांगितलं तरी पद्धत बदलणार नाही, असं अमोरिम म्हणाला तेव्हा तू मला ते मध्यरात्री फॉरवर्ड केलंस. माझ्या डोळ्यांसमोर मास्तरच आले. पण हा माणूस मूर्ख नाही गं. लिस्बनच्या स्पोर्टिंगला एकोणीस वर्षांनी लीग जिंकून दिली त्याने, 2021 ला, याच मांडणीवर. 2024 ला परत. तुमच्याकडे येण्याआधी काही दिवस त्याच मांडणीने मँचेस्टर सिटीला 4-1 ने झोपवलं. ज्याला एका गोष्टीने रिकाम्या हातातून सगळं मिळालं, तो ती गोष्ट सोडायला घाबरतो. ती सोडली आणि तरीही हरला तर त्याच्यापाशी उरणार काय? मास्तरांचंही तेच असणार. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. बावीस वर्षांच्या माणसाला कळायची गरजही नाही म्हणा.

याच्या उलट माणूसही होऊन गेला, आपल्याच देशात. रहीमसाहेब, भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. 1962 ची जकार्ताची एशियाड. जर्नेल सिंग हा आपला बचावातला पहाड, त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला सेमीफायनलला चक्क पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून घातलं. त्याने गोल केला. फायनललाही पुढेच, तिथेही गोल. दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्णपदक. आपल्या मुंबईचा, टाटांच्या संघातला फोर्तुनातो फ्रँको होता त्या अकरांत. हातात काय उरलंय ते बघून मांडणी करायची, याला डोकं लागतं आणि छातीही लागते.

तुझं एक दुर्दैव मात्र मला मान्य आहे. 2013 च्या एप्रिलमध्ये व्हॅन पर्सीने अ‍ॅस्टन व्हिलाला तीन गोल ठोकले, युनायटेडने विसाव्यांदा लीग जिंकली, त्या रात्री अकरा वर्षांची तू युनायटेडची झालीस. फॅशन स्ट्रीटवर घेतलेल्या लाल टी-शर्टवर 20 नंबर, नावात एक अक्षर चुकलेलं. महिन्याभरात प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त. पंगतीत तू बसलीस आणि जिलबी संपली. तेव्हापासून मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोलशार, टेन हाग, सगळ्यांवर आपण मिळून चिडलो. तू एकटी चिडून फोन बंद करून बसलीस, हे पहिल्यांदाच.

आता राहिलेलं सांगतो. मीही असाच निघून आलो होतो. 1985 च्या मोसमाआधी मास्तरांना तोंडावर सांगितलं, तुम्ही असेपर्यंत मी मातीत पाय ठेवणार नाही. बरोबरच होतं माझं, आजही मला तसंच वाटतं. तरुण पोरं माझ्या बाजूने होती. आजीने त्या दिवशी शिरा केला.

वर्षभराने रत्नागिरीकडून दोन पोरं आली, उंचीला पावणेसहा फूट, हाताचे पंजे असे की सुपासारखे. मास्तरांनी त्यांना मध्ये घातलं. आणि साखळी चालली. गल्लीतला सामना मी आजीच्याच जागेवरून, गॅलरीतून पाहिला. वरून ते पहिल्यांदाच नीट दिसलं मला. चढाईवाला आत येतो, दोन्ही टोकं एका दमात मिटतात, आणि तो मध्ये दिसेनासा होतो. फार देखणं होतं गं. खाली शिट्ट्या, गुलाल. मी टाळ्या वाजवल्या की नाही ते आठवत नाही. रात्री जेवण गेलं नाही, एवढं आठवतं. पुढे गोदीच्या पाळ्या लागल्या, मग लग्न, आणि कोपरा राहिला तो राहिला.

म्हणजे अमोरिमही उद्या बरोबर ठरेल, असं मी म्हणत नाही. मला तर वाटतं दिवाळीनंतर फार टिकत नाही तो. मैनूला खेळव, मध्ये तिसरा माणूस घाल, हे मीसुद्धा टीव्हीला सांगतोच. आई म्हणते, टीव्हीला ऐकू येत नाही. पण तो माणूस तिथे एक वर्ष असेल नाहीतर तीन. तू बारा वर्षं आहेस. त्याच्यापायी तू कशाला उठून जायचं?

आणि शिव्या घालायच्याच तर बाकावरच्याला घाल. चुकीच्या जागी उभ्या केलेल्या पोरांना नको. हे मी स्वतःच्या स्वार्थासाठी सांगतोय असं समज.

शनिवारी, 4 तारखेला, साडेसातला सुंदरलँड आहे, घरच्या मैदानावर. मी बघणार. 19 तारखेला रविवारी रात्री नऊला लिव्हरपूल, तेही त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ, म्हणजे तू घरी असशीलच, तिकीट मीच काढलंय. आपल्या मुंबई सिटीचा हंगाम कधी सुरू होणार ते कोणालाच ठाऊक नाही, नाहीतर अंधेरीला नेलं असतं तुला.

आज सगळी वाडी आशिया कपच्या फायनलच्या मागे आहे. मंडळाच्या कार्यालयात पडदा लावलाय, मला खुर्ची धरून ठेवलीय. निघतो.

तुझा,
बाबा

ता.क. रात्रीचे बारा वाजून गेले. पाकिस्तानला पाच गडी राखून हरवलं. खाली फटाके चालू आहेत, आई कानात बोटं घालून या कागदाचे फोटो काढतेय. येताना फिल्टर कॉफीची पावडर आण म्हणते, गेल्या वेळचीच. तिच्या फोनवर तू ऑनलाइन दिसतेयस. उचल आता.