खिडकी परसात आहे, महोदय

प्रति,
नियोजन विभागप्रमुख, नगर परिषद, कॉव्हेंट्री

महोदय,

इंग्रजी प्रत आपल्याला रीतसर पाठवली आहे. ही मराठी प्रत, टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरमुळे पुण्या-पिंपरीहून इथे आलेल्या आमच्या लोकांसाठी.

मी चॅपलफील्ड्समध्ये भाड्याने राहतो. रस्त्यावरून बघाल तर विटांच्या घरांची साधी रांग. खरी गंमत परसात. मागच्या माडीला जवळजवळ भिंतभर रुंद खिडकी, कारण डोळ्याला भिंग लावून काम करणाऱ्या घड्याळजीला उजेड लागायचा. डिसेंबरात स्वयंपाकघरात दुपारीच दिवा लावतो, पण माडीवर अजून वाचता येतं. तिथल्या फळ्यांच्या फटीत मला पितळेचं एक दातेरी चाक सापडलं, करंगळीच्या नखापेक्षाही लहान.

१८४० च्या दशकापासून इथे घड्याळजी राहायला आले. घड्याळाचे कच्चे सांगाडे लँकाशायरमधल्या प्रेस्कॉटहून यायचे. मग एका घरी तबकडी, दुसऱ्या घरी बाहेरची डबी, तिसऱ्या घरी एस्केपमेंट, म्हणजे चाकांना टिकटिक करत एकेक दात पुढे सोडणारा भाग. कारखाना म्हणजे ही गल्लीच! बाने बॉनिकसेन हा डॅनिश कारागीरही आमच्यासारखाच बाहेरून आलेला. खिशात घड्याळ उभं-आडवं झालं की वेळेत फरक पडतो. तो भरून निघावा म्हणून त्याने एस्केपमेंटच हळूहळू फिरतं ठेवलं. ते त्याचं 'कॅरुसेल', १८९० च्या दशकातलं. पुढे अमेरिकेच्या आणि स्वित्झर्लंडच्या स्वस्त घड्याळांनी हा धंदा बसवला. शहर सायकलींकडे वळलं, मग मोटारींकडे. आमच्या नोकऱ्या त्याच वाटेवरच्या.

गेल्या महिन्यात दोन घरं सोडून अशीच एक खिडकी निघाली. चौकट कचऱ्याच्या डब्यात, भिंतीत प्लास्टिकच्या दोन छोट्या खिडक्या. मालकाला बोल लावत नाही; हीटिंगचं बिल मीही भरतो, आणि माडीवर स्वेटर घालूनच बसतो.

म्हणून बंदी मागत नाही. मागचं बांधकाम मंजूर करण्याआधी आपल्या माणसाने परसात जाऊन खिडकी मोजावी, फोटो काढावा, एवढंच. जुनी चौकट ठेवून आतून दुसरी काच बसवता येते, हे मालकाला तिथेच सांगावं. त्या काचेच्या खर्चाला परिषदेने थोडा हातभार लावला, तर निम्मे लोक ऐकतील असं मला वाटतं.

आधी माझी खिडकी बघून जा. शनिवारी घरीच असतो. परसाचं दार फुगलंय, जरा जोर लावून ढकलावं लागेल.

आपला,
चॅपलफील्ड्सचा एक भाडेकरू