गालाच्या आतली शहाबादी फरशी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मुलगी नववीला आहे. परवा तिचं घोकणं चाललं होतं, सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, स्तंभीय, घनाभरूप... म्हटलं अगं पण हे असतं कुठं? तर म्हणे अभिस्तर ऊती (म्हणजे शरीराच्या आतबाहेरचं पेशींचं अस्तर), दोन मार्काला येतं. शाळेत मायक्रोस्कोप आहे म्हणे, पण कपाटात, आणि किल्ली सरांकडे.

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडी करतोय, मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये नेलं, टूथपिकच्या बोथट बाजूनं तिचाच गाल आतून हलका खरवडला, काचेवर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप. डोळा लावला आणि ओरडलीच, "बाबा, ही तर शहाबादी फरशी!" वेड्यावाकड्या कडांचे चपटे तुकडे आणि प्रत्येकात मधोमध गडद ठिपका, ते केंद्रक. मग विचारते, रक्त कसं नाही आलं? अगं या थरात रक्तवाहिन्याच नसतात, त्याचं पोषण खालून झिरपून येतं.

तिथून पुढं नावं पाठ करावीच लागली नाहीत. गालात भाकरी, चिवडा रोज घासणार म्हणून थरावर थर, ती स्तरित पट्टकी, पण फुप्फुसाच्या वायुकोशात ऑक्सिजन आरपार जायचा तर तिथं एकच पातळ थर, ती सरल पट्टकी, थप्पी लावून कसं चालेल? श्वासनळीत पेशींना बारीक रोम, ते धूळ-कफ वर ढकलतात, सिगरेटच्या धुरानं ते लुळे पडतात म्हणून सिगरेटवाले सकाळी खोकत बसतात. आतड्यातल्या उंच, स्तंभीय पेशी तर चार-पाच दिवसांतच बदलतात.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. तंबाखू-चुन्याची गोळी ठेवायची जागा ठरलेली असते, डावा गाल तर डावाच. पुसून न जाणारा पांढरा चट्टा तिथंच उठतो आणि बायोप्सीच्या फॉर्मवर पण तोच गाल लिहून येतो. तोंडाचे 90 टक्क्यांहून जास्त कॅन्सर या चपट्या, पट्टकी पेशींतूनच सुरू होतात. गुटखाबंदी 2012 ची, टपरीवर काय मिळतं ते मी सांगायला नको.

तर तुमच्या विद्यार्थी पानावर व्याख्या छापण्यापेक्षा एकदा गालाच्या स्लाइडचा मोठा फोटो छापा, आणि शाळांनाही सांगा की बाबांनो ते कपाट उघडा.

रविवारी तिचा मामा आला, गालात मावा. ही टूथपिक घेऊनच पुढं, "मामा, तुझा गाल खरवडू?" तो हसला, उठून बेसिनला जाऊन चूळ भरून आला. गाल काही खरवडू दिला नाही.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, सांगली